पंप उतरवायचा की हेड? मिसिंग मारणाऱ्या जुन्या ट्रकचा आधी कोणता खर्च करावा

‘गाडी मिसिंग मारतेय’ (म्हणजे सिलिंडर नीट पेटत नाही, इंजिन थरथरतं) एवढंच सांगून जुना ट्रक पंपवाल्याच्या, म्हणजे डिझेलचा इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्याच्या, दारात उभा केला तर पंप उतरतो, हेडवाल्याच्या दारात उभा केला तर हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरतं. दोघंही खोटं बोलत नसतात. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या इंजिनात पंपाचे एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबून देणारे भाग) झिजलेले असतात आणि व्हॉल्व्हही झिजून सीटमध्ये आत रुतलेले असतात. खोलल्यावर मालकाला दाखवायला काहीतरी सापडतंच. आजची थरथर त्यामुळेच आहे का, हे मात्र खोलण्याआधी कळायला हवं, कारण एकदा खोललं की दोन्हीकडचं बिल द्यावंच लागतं.

इथे लिहिलंय ते साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल. टाटा १६१३ सारख्या, ज्यात ६९७ इंजिनही आलं आणि कमिन्सचं ६बीटीही. (६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. जुन्या ४०७ मधलं ४९७ त्याच हिशोबाने चार सिलिंडरचं.) कॉमन रेलची (एकाच रेलमधून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीची) गोष्ट वेगळी, ती शेवटी.

दोघांच्याही आधी

इंजिन सगळंच डगमगतंय की एकच सिलिंडर मेलाय, हे आधी वेगळं करा. एक सिलिंडर मेला तर ठेका ठरावीक असतो, लंगडा माणूस चालावा तसा. सगळं इंजिन वर-खाली होत असेल, चढावर ओढ जात असेल, बंद पडून हँडपंप मारल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर पंपवाला आणि हेडवाला दोघांनाही राम राम करा. गाडी हवा घेतेय, नाहीतर फिल्टर चोक आहे.

हवा शोधताना बरेच जण फसतात ते एका ठिकाणी. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) पुढची लाईन गळली तर डिझेल थेंब थेंब बाहेर येतं आणि दिसतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन मात्र ओढीखाली असते. तिथे वॉशर ढिला असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ! फीड पंपाच्या तोंडाला पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे पाहा, किंवा टाकी सोडून थेट कॅनमधून डिझेल द्या. कॅनवर इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकी आणि लाईनमध्ये. अर्ध्या तासाचं काम, खर्च जवळपास शून्य. पाणी आलेलं डिझेलही याच परीक्षेत पकडलं जातं. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी तर सुरुवात इथूनच करावी.

एकच सिलिंडर मेला असेल तर

इंजिन आयडलिंगवर ठेवून मिस्त्री एकेका नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपचा नट ढिला करतो. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन लगेच खाली बसतं, आवाज बदलतो. ज्याचा नट सोडूनही काही फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा आणि उडत्या धारेखाली हात नेऊ नका. नोझल २०० बारच्या वर उघडतो, तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

सिलिंडर कळला की धूर बघा. पंपवाला आणि हेडवाला यांच्यातला पहिला निवाडा इथेच होतो. सिलिंडर मेलाय आणि सायलेन्सरमधून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल आत पोचतंय पण जळत नाही. नोझल नीट फवारत नाही किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेवरचा दाब) गेलंय. सिलिंडर मेलाय पण पांढरा धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. अशा वेळी पंपाचा एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह संशयात येतो.

गरम-थंडचा फरकही विचारात घ्या. सकाळी थरथरतं आणि गरम झाल्यावर सुधारतं, हे पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) सैल झाल्याचं लक्षण. सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर मिसिंग सुरू, हे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) घट्ट असल्याचं. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटमध्ये बसत जातो, टॅपेटची फट कमी होत जाते, आणि इंजिन तापलं की उरलीसुरली फटही संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. पुण्याहून निघताना शांत चालायची आणि खंबाटकी चढताना पाच सिलिंडरवर यायची. ‘मालक, पंपच गेलाय’ म्हणून मिस्त्रीने पंप उतरवला, कॅलिब्रेट करून आणला, गाडी पुन्हा घाटात तशीच. शेवटी चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासला तर पातीच शिरेना. गाडी थंड करून टॅपेट सेट केले आणि घाटातलं मिसिंग गेलं. पंपाचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

नोझलची अदलाबदल

मेलेल्या सिलिंडरचा नोझल काढून शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा आणि तिथला इकडे. नटाची परीक्षा पुन्हा घ्या. मिसिंग नोझलबरोबर शेजारी गेलं तर नोझल खराब, विषय संपला. मिसिंग जागेवरच राहिलं तर नोझल निर्दोष आणि दोष पंपात किंवा कॉम्प्रेशनमध्ये. माझ्या मते हे न करता पंप उतरवायला परवानगीच देऊ नये. तांब्याचा वॉशर मात्र दरवेळी नवा टाका. जुना दबलेला वॉशर गॅस सोडतो. जुना तळाशी चिकटलेला असताना वर नवा पडला तर नोझलचं टोक वर राहतं, फवारा चुकतो, आणि नव्या नोझलवरही गाडी मिसिंग मारते.

पंपवाल्याकडे काय मिळतं

पंपाच्या लॅबमध्ये टेस्ट बेंचवर प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देतो ते मोजतात, कमी-जास्त असेल तर समान करतात आणि गव्हर्नरही (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) बघतात. मेलेल्या सिलिंडरचा एलिमेंट चिकटला असेल तर दुसरीकडे कुठेच तो नीट होणार नाही. गाडी साधारण एक-दोन दिवस उभी राहते. जुने मिस्त्री आजही त्याला मायको पंप म्हणतात. मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, पण बोली बदलली नाही.

तोटा असा की लॅबमधून पंप नेहमी ‘चांगला’ होऊनच येतो, दोष दुसरीकडे असला तरी. बसवताना टायमिंगची खूण एका दाताने चुकली तर आधी नसलेला आजार सुरू होतो. आणखी एक जुनी सवय: ड्रायव्हर पंपवाल्याला ‘जरा डिझेल वाढव, ओढ येऊ दे’ म्हणतो. ओढ येते, काळा धूरही येतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीमध्ये धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. वाढवलेल्या डिझेलवर ती पाळणं अवघड होतं.

हेडवाल्याकडे काय मिळतं

हेड उतरवणं हा मोठा निर्णय. गॅस्केट नवं, फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, आणि ‘आता उतरवलंच आहे तर’ म्हणत लायनर-पिस्टनपर्यंत बिल वाढतं. त्या दिवसांचं भाडंही बुडतं. म्हणून नोझलच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका. चांगल्या जुन्या डिझेल इंजिनात २० ते ३० बारच्या दरम्यान आकडा येतो, पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा. पाच सिलिंडर सारखे आणि एकच चार-पाच बारने मागे, तर तो आजारी.

तरीही हेड लगेच नको. आधी टॅपेट. तो बरोबर असेल तर त्या सिलिंडरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत वरच्या टोकाला आणा आणि नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा कुठून निसटते ते ऐका. एअर क्लीनरमधून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली हवा सोडणाऱ्या नळीतून) म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. पहिल्या दोन आणि चौथ्या दोषात हेड उतरवणं भागच आहे. तिसऱ्यात नुसतं हेड करून काही साधत नाही, उलट वरून घट्ट झालेलं इंजिन खालून आणखी ऑइल पिऊ लागतं. पूर्ण इंजिन काम करायचं नसेल तर तसंच चालवा आणि ऑइलवर लक्ष ठेवा. पेट्रोल गाडीत करतात तशी सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परीक्षा डिझेलमध्ये करू नका. पिस्टनच्या वर जागाच एवढी कमी असते की जास्त ऑइल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

मग कुणाकडे जायचं

मिसिंग, पांढरा धूर नाही, अदलाबदलीनंतरही दोष जागेवर, कॉम्प्रेशन सारखं: पंप. पांढरा धूर, कॉम्प्रेशन कमी, टॅपेट बरोबर, हवा व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून: हेड. दोष नोझलबरोबर फिरला तर दोघंही नकोत, नोझलच्या दुकानात जा आणि सहाही नोझल एकाच दाबावर लावून घ्या.

गाडी कॉमन रेलची असेल तर यातली नटाची परीक्षा पूर्ण विसरा. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि चालू इंजिनवर पाइप ढिला करणं जीवावर बेतू शकतं. तिथे स्कॅनर लावून सिलिंडर बॅलन्स बघतात आणि प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल बाटल्यांमध्ये मोजतात. ज्याची बाटली सगळ्यात आधी भरते, त्यावर पहिला संशय.

पंप पाठवायचाच ठरला तर लॅबवाल्याकडून कॅलिब्रेशनच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. आधीचे आकडेही सहाही एलिमेंटचे सारखेच असतील, तर पंप परत बसवताना टॅपेटचं कव्हर उघडून ठेवा.