काट्यावरची नोकरी आणि एम.ए. : दूरशिक्षणाचं पहिलं वर्ष

इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. समाजशास्त्राला जुलै सत्रात प्रवेश घेतला होता. जूनची परीक्षा झाली आणि पहिलं वर्ष पार पडलं. नोकरी कराड भागातल्या एका साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. ओळखीतली बरीच मुलं विचारतात, 'नोकरी करून हे खरंच जमतं, की नुसती फी भरायची?' म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जमतं. पण त्यासाठी फक्त जिद्द पाहिजे असं जे सगळे सांगतात, ते मला पटत नाही. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाकडे जिद्द असते. आमच्याच खात्यातल्या दोघांनी याआधी प्रवेश घेऊन मध्येच सोडून दिलं. दोघंही कष्टाळू आहेत, माझ्याहून हुशार आहेत. त्यांचा अभ्यास वाचण्यापुरताच राहिला आणि परीक्षा आली ती ऐन गाळपाच्या हंगामात.

आधी परीक्षेच्या वेळेचं बघा. इग्नूच्या सत्रअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमाला जुलैत प्रवेश घेतला की पहिली परीक्षा पुढच्या जूनला, जानेवारीत घेतला तर डिसेंबरला. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे मोळी पडते, म्हणजे ऊस गाळप सुरू होतं. डिसेंबरात गव्हाण (ऊस आत टाकायची जागा) रात्रंदिवस चालू असते, यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि रजेचं नाव काढायची सोय नसते. जूनमध्ये कारखाना बंद असतो, दुरुस्तीची कामं चाललेली असतात, रजा सहज मिळते. म्हणून मी जुलैचा प्रवेश धरला, आणि वर्षभरातला सगळ्यात उपयोगी निर्णय मी हाच मानतो. ज्याचं त्याचं गणित वेगळं असणार. तासगावकडच्या द्राक्षवाल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी धरून हिशेब मांडावा लागेल. फॉर्म भरण्याआधी आपल्या कामाचं वर्ष कागदावर मांडा, मग सत्र ठरवा.

रोजच्या वेळेचंही तसंच. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला 120 तास, रोज एक तास दिला तर चार महिने. माझी पाळी बदलती, त्यामुळे 'रोज सकाळी सहाला' असलं वेळापत्रक माझ्या कामाचं नव्हतं. मी तास झोपेला बांधला. कोणत्याही पाळीवरून आलो तरी झोप काढायची, उठून चहा घ्यायचा आणि पुस्तक घेऊन बसायचं. घरच्यांनाही ते लवकर अंगवळणी पडलं. त्या तासात मला कोणी हाक मारत नाही, आणि यासाठी घरच्यांचे जेवढे आभार मानावेत तेवढे थोडेच.

आता अभ्यास कसा करायचा. इग्नूच्या पुस्तकांत प्रत्येक घटकात मध्येमध्ये छोटे प्रश्न येतात, खाली दोन-चार ओळी मोकळ्या सोडलेल्या असतात आणि उत्तरं घटकाच्या शेवटी असतात. बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. माझ्या मते सगळा अभ्यास त्या मोकळ्या ओळींत आहे. वर्गात मास्तर अचानक उभं करून विचारतात, ते काम इथे हे प्रश्न करतात. मी घटक वाचला की पुस्तक मिटतो, पाठकोऱ्या कागदावर आठवेल तेवढं उत्तर लिहितो, मग उघडून ताडून बघतो. सुरुवातीला अर्ध्याहून जास्त निसटायचं. पुन्हा वाचताना डोळे नेमके त्या निसटलेल्या जागीच जातात.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कारपिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. आपली परीक्षा तर महिन्यांनी असते!

यामुळेच स्वाध्यायांबद्दल, म्हणजे परीक्षेआधी घरून लिहून द्यायच्या उत्तरांबद्दल, मी इतकं कळकळीने सांगतो. एकूण गुणांत स्वाध्यायांचा वाटा 30 टक्के, परीक्षेचा 70, आणि एम.ए.ला पास व्हायला दोन्हीकडे 40 टक्के लागतात. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे असतात. तयार स्वाध्याय विकणारी दुकानं सगळीकडे आहेत. मलाही एका ठिकाणी 'फक्त उतरवून काढा, पास व्हाल' असं सांगितलं गेलं. उतरवून 30 टक्क्यांची सोय होईलही, पण तीन तासांच्या पेपरात हात चालायला हवा. एका प्रश्नाचं सलग, मुद्देसूद उत्तर लिहिण्याची सवय आपल्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

एक उदाहरण देतो. स्थलांतरित मजुरांवर उत्तर लिहायचं होतं. पुस्तकातल्या व्याख्या पाठ होत नव्हत्या. आमच्या काट्याच्या खिडकीसमोरून दिवसभर ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत त्याच टोळीशी बांधलेलं राहणं. हे सगळं मी नोकरीला लागल्यापासून बघत आलोय. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमध्ये खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केलाय, तो शोधून वाचला आणि उत्तर बीडच्या टोळ्यांपासून सुरू केलं. ते उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. त्यानंतर बीडहून आलेल्या गाडीवानाशी बोलताना मी वेगळे प्रश्न विचारायला लागलो. उचल कधी घेतली, कशासाठी घेतली, पोरं कुठे ठेवलीत. हे शिक्षण मला कोणत्याही वर्गात मिळालं नसतं.

उणीव एकच, पण मोठी. शंका आली की विचारायला शेजारी कोणी नसतं. समुपदेशनाचे वर्ग रविवारी असतात, पण हंगामात माझा रविवार मोकळा नसतो. याच अभ्यासक्रमाला असलेल्या इस्लामपूरच्या एक ताई आणि विट्याचा एक मुलगा यांची ओळख काढली. आता आम्ही आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो. एकाने संकल्पना समजावून सांगायची, बाकीच्यांनी अडवायचं. संस्कृतीकरण, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं, मला ताईंमुळे नीट कळलं.

भाषेचाही विचार करा. हे एम.ए. इंग्रजी किंवा हिंदीतून आहे. मी हिंदी घेतलं. मराठीतूनच शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतरावांच्या नावाचं आहे. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही सातारा-सांगलीकरांना सोयीचं. कुठेही घ्या, अभ्यासक्रमाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे ना हे आधी तपासा आणि डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, काढून ठेवा. त्याशिवाय आता प्रवेश होत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. सोयरिकीच्या बैठकीत कोणी नाक मुरडलं तर त्यांना हे जरूर सांगा.

दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी झाली. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, जुन्या प्रश्नपत्रिकाही उतरवून घेतल्या. मोळी पडायच्या आत दोन विषयांचे स्वाध्याय लिहून व्हायला हवेत, त्यातला पहिला सध्या चालू आहे. कराड-इस्लामपूर भागातलं कोणी याच अभ्यासक्रमाला असेल तर कळवा, आठवड्याच्या फोनवर आणखी एका-दोघांना जागा आहे.