सात महिन्यांनंतर: फुलदाणीचा संच, पुड्या आणि हात न जाणारा गळा

परवा फुलदाणी उजेडात धरली तर तळाच्या कडेला परत तोच बुळबुळीत थर. दोनच दिवसांपूर्वी मूठभर तांदूळ आणि गरम पाणी घालून मी ती दहा मिनिटं खळखळवली होती. सात महिने हेच चाललंय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय.

हा संच डिसेंबरात ऑनलाइन घेतला. काचेची उंच फुलदाणी, एक कात्री आणि फुलांच्या खाद्याच्या 50 पुड्या, मिळून 1,450 रुपये. एवढे पैसे मी फुलदाणीवर एरवी घातले नसते. पण सासूबाई नोव्हेंबरात पडल्या, तेव्हापासून त्यांचं बाहेर जाणं बंद आहे. चाळीस वर्षं मंडईतून स्वतः फुलं निवडून आणणारी बाई दिवसभर खोलीत पडून. त्यांच्या पलंगाशेजारी ताजी फुलं हवीत, असं मी ठरवलं. शनिवारी नवरा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून गड्डी आणतो, आणि ती पुढच्या शनिवारपर्यंत टिकली पाहिजे. रोज फुलं आणणं आम्हाला परवडणार नाही.

आता त्या गळ्याबद्दल. आकार सुरईसारखा आहे, वर निमुळता आणि खाली पोट सुटलेलं. गळा आतून मोजला, जेमतेम 4 सेंटिमीटर. माझा हात सोडा, माझ्या दहा वर्षांच्या मुलीचाही आत जात नाही. बाटली धुवायचा ब्रश आणला 180 रुपयांचा. तो सरळ तळाला टेकतो, पण पोटाच्या आतल्या बाजूला वळत नाही, आणि थर नेमका तिथेच धरतो. अंड्याची टरफलं घालून पाहिली, व्हिनेगर रात्रभर ठेवलं. दिसायला काच स्वच्छ होते, पण चिमट्यात कापड धरून आत फिरवलं की बुळबुळीत लागतंच.

एवढं का लावून धरलंय, तर फुलं लवकर जाण्याचं मोठं कारण हाच थर आहे. देठात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पाण्यातले जंतू वाढले की त्यांचा चिकट लगदा त्या नळ्यांच्या तोंडाशी बसतो. पाणी वर चढत नाही, आणि देठ पाण्यात उभा असूनही गुलाब मान टाकतो. पाणी रोज बदला, पण भांडं आतून घाण असेल तर नव्या पाण्यात संध्याकाळपर्यंत तेच जंतू पुन्हा वाढायला लागतात.

पहिल्या महिन्यात मात्र मी सगळा राग पुड्यांवर काढला होता. डच गुलाबांची 20 ची गड्डी आणली होती. पुडी घातलेल्या फुलदाणीतले गुलाब चार दिवसांत गेले, आणि स्वयंपाकघरातल्या तांब्यात साध्या पाण्यात ठेवलेले दोन उरलेले पाच दिवस राहिले. कंपनीला मेल केला. त्यांनी आधी फोटो मागितले, मग बिल, मग आठ दिवसांनी उत्तर आलं की फुलं आमची नाहीत, त्यामुळे टिकण्याची हमी देता येत नाही. जाहिरातीत मात्र ‘15 दिवस ताजी’ असं ठळक लिहिलं होतं! मी विचारलं, फुलदाणी आतून धुवायची कशी? उत्तर: मऊ ब्रशने. परत करायची म्हटलं तर सात दिवसांची मुदत संपलेली.

पण त्या तक्रारीतला पुड्यांचा भाग मी आता मागे घेते. फेब्रुवारीत पुडीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. 5 ग्रॅमची एक पुडी अर्ध्या लिटरला. दूध मोजायच्या मापाने फुलदाणी भरली तर सव्वा लिटर पाणी मावलं. म्हणजे एकच पुडी घालून मी अर्ध्याहूनही कमी मात्रा देत होते. या पुडीत साखर असते फुलांना पोसायला, आम्ल असतं पाण्याचा सामू उतरवायला, आणि जंतू मारणारं औषध असतं. मात्रा कमी पडली की जंतूंना साखर मिळते आणि औषध पुरत नाही. त्यापेक्षा साधं पाणी बरं. हे त्यांनी फुलदाणीवर एक रेघ मारून दाखवलं असतं तर माझ्या तीन गड्ड्या वाचल्या असत्या. पूर्ण मात्रा दिल्यावर तेच गुलाब सहा-सात दिवसांवर गेले.

पाण्याचीही एक चूक झाली, आणि ती काटकसरीपायी. आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं ते मी बादलीत साठवते, फरशी पुसायला वापरते. तेच फुलांना घालत होते. त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार असतात, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड. क्षारांमुळे पुडीतलं आम्लही निष्प्रभ होतं. मार्चपासून सोसायटीत टँकरचं पाणी सॉफ्टनरमधून, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रातून येतं. तेही नको, कारण त्यात सोडियम वाढतं आणि ते गुलाबाला सोसत नाही. आता फुलांना प्यायचंच पाणी देते. आठवड्याला तीन-चार लिटर जातं, जाऊ दे.

मे महिन्यात वेगळंच घडलं. कार्नेशनची गड्डी आणली होती. ही फुलं एरवी दोन आठवडेही राहतात. तिसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या पाकळ्या आत मिटल्या, झोपल्यासारख्या. पाणी स्वच्छ, मात्रा बरोबर. मला काही सुचेना. सासूबाईच म्हणाल्या, ‘‘अगं, पलंगाखाली आंब्याची अढी घातलीये ना?’’ घातली होती, दोन पेट्या. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो. केळी, सफरचंद यांतूनही सुटतो. तो फळं पिकवतो तशी फुलंही म्हातारी करतो, आणि कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडतं. अढी गॅलरीत हलवली. पुढची गड्डी बारा दिवस राहिली.

जूनमध्ये मी शेवटी सरळ परीक्षा घेतली. वीस गुलाब, दहा या फुलदाणीत, दहा लोणच्याच्या रुंद तोंडाच्या बरणीत. पाणी तेच, पुडीची मात्रा तीच, जागाही तीच. फरक इतकाच की बरणी मी हात घालून साबणाने घासली आणि ब्लीचच्या पातळ पाण्याने विसळली होती. पाचव्या दिवशी फुलदाणीतल्या चार गुलाबांनी मान टाकली. बरणीतले नवव्या दिवशी सुकायला लागले. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला.

मान टाकलेले ते चार फेकले नाहीत. परातीत पाणी घेऊन देठ पाण्याखालीच दोन बोटं कापले, म्हणजे नळ्यांत हवा शिरत नाही. मग आख्खी फुलं तासभर त्याच पाण्यात आडवी बुडवून ठेवली. तीन परत ताठ झाली.

संचातली कात्री बरी आहे, धार अजून टिकून आहे. बोथट कात्रीने देठ चेचला जातो, म्हणून मी ती स्वयंपाकघरात कुणाला घेऊ देत नाही. जरबेऱ्यासाठी मात्र ही उंच फुलदाणी अगदीच गैरसोयीची. त्याचा देठ लवदार, जास्त पाण्यात लवकर कुजतो. त्याला चार बोटंच पाणी हवं, आणि देठाच्या बुडाचा पांढुरका टणक भाग कापून टाकायला हवा, तिथून पाणी नीट चढत नाही.

पुड्या संपत आल्या तेव्हा नव्या पन्नासांचे 600 रुपये सांगितले. म्हणून घरी करून पाहिलं: 1 लिटर पाण्यात पाव छोटा चमचा साधं ब्लीच, ते ढवळल्यावर 1 मोठा चमचा साखर आणि 2 मोठे चमचे गाळलेला लिंबाचा रस. ब्लीच आणि लिंबू पाण्याशिवाय एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. गुलाबांवर परिणाम पुडीच्या जवळपास जातो, फक्त तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि बदलावं लागतं. सासूबाईंच्या सांगण्यावरून तांब्याचं नाणंही घातलं होतं, त्याने फरक दिसला नाही.

पुड्यांना पाचपैकी चार. कात्रीला चार. फुलदाणीला एक, तोही निशिगंधासाठी, कारण त्याचे लांब दांडे या गळ्यात छान उभे राहतात. संच म्हणून घेऊ नका, पुड्या सुट्या मिळाल्या तर घ्या आणि घरातली बरणी वापरा.

शनिवारचा निशिगंध आता बरणीत आहे, सातवा दिवस. दुहेरी पाकळ्यांचा आहे, त्याच्या शेंड्याच्या कळ्या घरात सहसा उमलत नाहीत. सासूबाई रोज सकाळी उशीवरून हात लांब करून खालची सुकलेली फुलं खुडतात. काल रात्री शेंड्याकडच्या दोन कळ्या उमलल्या, तेव्हा त्यांनी मला अकरा वाजता हाक मारून बोलावलं.