डोंबिवलीतलं आमचं मेडिकल: ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या घरून

दुकान छोटं आहे, काउंटरपाशी दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. डिस्काउंटही ऑनलाइनपेक्षा कमी. तरी माझ्या मिस्टरांची औषधं मी इथूनच घेते. त्यांची किडनी बदललेली आहे, शरीरानं ती नाकारू नये म्हणून घ्यायचं टॅक्रोलिमस कायमचं चालू.

गणपतीत माझ्या पिशवीत पपनस दिसलं, तर दुकानातल्या काकांनी लगेच विचारलं, "ताई, हे साहेबांना नाही ना देणार?" आणि गर्दी असूनही नीट समजावलं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. गिळलेल्या औषधाचा बराचसा भाग ते रक्तात पोचण्याआधीच मोडतं, आणि डोस ही तूट धरूनच ठरतो. ग्रेपफ्रूट आणि पपनसातली फ्युरॅनोकुमरिन्स नावाची द्रव्यं हे एन्झाइमच निकामी करतात. ते नव्यानं तयार व्हायला दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून सकाळी कॅप्सूल आणि संध्याकाळी फळ, असं करून भागत नाही. तोच डोस रक्तात जास्त उतरतो, हात थरथरतात, बदललेल्या किडनीलाच इजा होते.

हे कळलं तेही योगायोगानं. कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटानं फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासताना दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची पातळी भलतीच वर गेली. 1989 सालची गोष्ट.

दुसऱ्यांदा मी जुलाब थांबवायची गोळी मागितली, तर आधी "कुणाला?" हा प्रश्न. जुलाबात औषध वाहून जाईल असं कुणालाही वाटेल, टॅक्रोलिमसचं मात्र उलटं होतं. अस्तर दुखावतं, तिथलं एन्झाइम आणि औषध बाहेर ढकलणारे पंप कमी पडतात, आणि औषधाची रक्तातली लेव्हल वाढते. काकांनी ओआरएसची पाकिटं दिली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. लेव्हल खरंच वाढलेली निघाली, डॉक्टरांनी डोस कमी केला. त्या दिवशी काकांनी गोळी विकली असती तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) हीही त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणून त्यांची चिठ्ठी नेली तरी, टॅक्रोलिमस चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगितलंय का, हे विचारतात. कंपनी बदलून कॅप्सूल कधीच देत नाहीत. म्हणून स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा, मागवून देतात. रविवारी दुपारनंतर बंद असतं.