हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा का? जेडीएस लॅब्ज ॲटम वापरून काढलेले उत्तर

हेडफोनचा इम्पिडन्स (विद्युत सिग्नलला होणारा त्याचा विरोध, जो ओहममध्ये मोजतात) जास्त असेल तर ॲम्प्लिफायर घ्या आणि कमी असेल तर विचार सोडून द्या, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्याच्या भरवशावर खरेदी करणे धोक्याचे आहे. सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन मी एकदा ॲपलच्या छोट्या यूएसबी-सी डोंगलवर (फोनला किंवा संगणकाला वायरचा हेडफोन जोडण्याच्या तुकड्यावर) आणि एकदा जेडीएस लॅब्जच्या ॲटम या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरवर नियमित ऐकतो. ॲटम हे चांगले यंत्र आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे ठरवण्यासाठी आधी थोडा हिशेब करावा लागतो.

हा हिशेब इम्पिडन्स आणि संवेदनशीलता (ठरावीक व्होल्ट किंवा शक्ती दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो) हे दोन्ही आकडे एकत्र धरल्याशिवाय होत नाही. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज देतो, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. संगीतातल्या सर्वांत मोठ्या, क्षणिक आघातांसाठी ११० डेसिबलची सोय असावी असे धरले, तर त्याला सुमारे सव्वादोन व्होल्ट लागतात आणि शक्ती म्हणाल तर जेमतेम १७ मिलिवॅट. आता हायफायमॅन एचई-६ पाहा. त्याचा इम्पिडन्स अवघा ५० ओहम, म्हणजे ठोकताळ्याप्रमाणे तो सहज वाजायला हवा. परंतु त्याची संवेदनशीलता दर मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे की त्याच ११० डेसिबलसाठी त्याला पावणेपाच व्होल्ट आणि जवळजवळ ४५० मिलिवॅट द्यावे लागतात. जास्त ओहमच्या हेडफोनपेक्षा कमी ओहमचा हेडफोन इथे पंचवीसपटीहून अधिक शक्ती मागतो. माहितीपत्रकातला आकडा दर व्होल्टचा आहे की दर मिलिवॅटचा, हे न पाहता दोन हेडफोनची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी या दोन मापांत तब्बल १५ डेसिबलचा फरक पडतो.

दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे असलेले साधन किती व्होल्ट देते हेही माहीत असावे लागते. ॲपलचे डोंगल सुमारे १ व्होल्ट देते. युरोपात विकली जाणारी त्याची आवृत्ती साधारण निम्म्यावर थांबते आणि काही अँड्रॉइड फोनवर ते पूर्ण पातळीपर्यंत पोहोचतच नाही. पूर्ण १ व्होल्ट मिळाला की एचडी ६५० चे शिखर १०३ डेसिबलवर जाते. आजच्या बहुतेक चित्रपटगीतांचे मुद्रण मुळातच इतके चढे असते की एवढ्यात कान दुखतील. आठवड्याला ४० तास ऐकणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सरासरी मर्यादा ८० डेसिबल आहे, हे इथे लक्षात घ्यावे. पण ख्यालगायनाचे जुने, खालच्या पातळीवर मुद्रित केलेले ध्वनिमुद्रण लावले, तर विलंबितातल्या आलापीच्या वेळी डोंगलचा आवाज शेवटपर्यंत वाढवूनही तानपुरा दूर बसल्यासारखा वाटतो. अशा मुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबलने किंवा त्याहूनही खाली असते. ॲम्प्लिफायर अशा वेळी खरोखर कामाला येतो.

ॲटमच्या समोरच्या बाजूला गेनचे, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवायचा हे ठरवणारे, बटण आहे आणि निर्णयाची किल्ली त्यातच आहे. कमी गेनवर ॲटम आत आलेला सिग्नल तेवढाच पुढे पाठवतो, म्हणजे डोंगलचा १ व्होल्ट आत गेला तर बाहेरही फार तर १ व्होल्टच येतो. जास्त गेनवर तो साडेचारपट होतो, म्हणजे १३ डेसिबलची भर पडते. महागडे यंत्र जोडले, सगळा आवाज दिला आणि काहीच वाढले नाही, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी आधी हे बटण पाहावे. ३२ ओहमवर १ वॅट देणारे हे यंत्र बाजारातल्या बहुतेक हेडफोनना पुरून उरते.

आता सर्वांत वादाचा मुद्दा. ॲम्प्लिफायर जोडताच आवाज ‘खुलतो’, बासला ‘पकड’ येते, असे म्हणतात. मी डोंगलचाच सिग्नल ॲटमला देऊन, ६० हर्ट्झचा सूर लावून, मल्टिमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट सारखे करून ऐकले. पातळी सारखी झाल्यावर मला फरक सांगता आला नाही. पातळी न जुळवता ऐकले की ॲटम लगेच सरस वाटतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार भासतो. दुकानात तुलना करणाऱ्याने एवढी काळजी घेतली नाही, तर तो यंत्राची नव्हे, आवाजाच्या बटणाची परीक्षा घेत असतो.

आउटपुट इम्पिडन्समुळे, म्हणजे वाजवणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या इम्पिडन्समुळे, मात्र ध्वनीत खरा फरक पडू शकतो. एचडी ६५० चा इम्पिडन्स बासच्या पट्ट्यात ३०० वरून ५०० ओहमच्या जवळ चढतो. त्यामुळे १२० ओहम आउटपुट असलेल्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवर त्याचा बास साधारण १ डेसिबलने फुगतो. अनेक ड्रायव्हर (ध्वनी निर्माण करणारे छोटे घटक) असलेल्या इअरफोनवर हा परिणाम याहून तीव्र असू शकतो. ॲटमचा आउटपुट इम्पिडन्स नगण्य आहे आणि ॲपलच्या डोंगलचाही सुमारे १ ओहमच, म्हणून या दोघांत तो प्रश्न उद्भवत नाही.

ॲटम मी ठेवून घेतला, त्याचे मुख्य कारण इक्वलायझर, म्हणजे बास किंवा वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करण्याची सोय, हे आहे. एचडी ६५० चा सर्वांत खालचा बास उतरता आहे. तो इक्वलायझरने ६ डेसिबल उचलायचा तर सिग्नल फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच खाली आणावी लागते, आणि डोंगलजवळ आधीच मोजकी असलेली शक्ती इथे संपते. जास्त गेनवर ॲटम ही तूट भरून काढतो आणि वर हात राखून असतो. इक्वलायझर न वापरणाऱ्या, चढ्या मुद्रणाचे संगीत ऐकणाऱ्या माणसाला याच हेडफोनसाठी मी हे यंत्र घ्या म्हणणार नाही. ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्याला तर प्रश्नच नाही, कारण त्याचा ॲम्प्लिफायर हेडफोनच्या आतच असतो. संगणकाच्या जॅकमधून खरखर येत असेल, तर ती केवळ ॲम्प्लिफायरने जात नाही, उलट मोठी होऊन ऐकू येते. तिथे आधी बाहेरचा डॅक (डिजिटल सिग्नलचे हेडफोनला लागणाऱ्या विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र) घ्यावा.

काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. ॲटमची पेटी प्लास्टिकची आणि हलकी आहे, त्यामुळे हेडफोनची जाड केबल जरा ओढली गेली की यंत्र टेबलावर सरकते. अतिसंवेदनशील इअरफोन लावले तर आवाजाचे बटण अगदी तळाशी ठेवावे लागते आणि त्या टप्प्यात डाव्या-उजव्या कानातला समतोल थोडा बिघडतो. अशा वेळी कमी गेन निवडून संगणकावरूनच पातळी खाली आणावी. ॲटमचा अडॅप्टर एसी विजेचा आणि चांगलाच बोजड आहे. तो घेताना आपल्याकडच्या वीजदाबाचाच आहे ना, हे तपासून घ्यावे, कारण दुसऱ्या यंत्राचा हाताशी असलेला डीसी अडॅप्टर याला चालत नाही.