टोयोटा लँड क्रूझर एफजे४०, १९७५: न बघता घेतली, फोनवर दुरुस्त केली

गाडी माझ्या नावावर झाली त्या दिवशी मी तिच्यापासून एक अख्खा समुद्र लांब होतो. तिच्या स्टिअरिंगला हात लागला तो त्यानंतर दहा महिन्यांनी. त्यामुळे हे परीक्षण गाडीचं आहे तसंच लांब बसून जुनी गाडी घेण्याच्या उद्योगाचंही आहे. गाडीला मी भरभरून मार्क देईन. उद्योगाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पैसे तिथेच जास्त गेले.

मी शांतिसेनेच्या एका तळावर डिझेल जनरेटर सांभाळायला होतो. तळावर पांढऱ्या लँड क्रूझर रांगेने उभ्या असायच्या, सगळ्या ७० मालिकेतल्या. धूळ, खड्डे, वाट्टेल तेवढं ओझं, रोज नवा ड्रायव्हर. तरी सकाळी चावी फिरवली की सुरू. ही ७० मालिका आली १९८४ साली, ४० मालिकेच्या जागी. आणि ४० मालिका निघाली होती १९६० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं एकच चेहरा. तिच्याही मागे गेलं तर १९५१ सालची ‘टोयोटा जीप बीजे’ लागते, फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवलेली. ‘लँड क्रूझर’ हे नाव १९५४ चं. रात्रपाळीत चार जनरेटरच्या घरघरीत माणूस दुसरं काय करणार, मी वाचत बसलो. वाचता वाचता जाहिराती बघायला लागलो, आणि तिथेच घसरलो.

माझी एफजे४० त्याच ४० मालिकेतली, १९७५ चं मॉडेल. नावातला एफ म्हणजे इंजिनाचं घराणं. माझ्यात २एफ आहे: ४,२३० सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर. टायमिंगला ना बेल्ट ना चेन, गियरवर गियर. चार गियरचा बॉक्स, पुढे-मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही. ज्याने आयुष्यभर जनरेटर उघडले त्याला हे इंजिन बघून घरी आल्यासारखं वाटतं. सगळं हाताला लागतं. बोनेट उघडलं की जमीन दिसते.

आता बघायला कोण जाणार? दादा. माझ्या थोरल्या भावाला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, आणि हेच आमच्या पथ्यावर पडलं. जाणकार माणूस गेला असता तर विकणाऱ्याशी गप्पा मारत चहा पिऊन ‘बरी वाटते रे’ म्हणाला असता. दादा कागदावर उतरवून घेतलेलं एकेक काम करत गेला आणि पुढे टिकमार्क करत गेला.

पहिलं काम म्हणजे इंजिन थंड असताना सुरू करणं. जुन्या इंजिनाचे सगळे आजार पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलतात, गरम झालं की गप्प बसतात. म्हणून दादाला सांगितलं होतं, ठरल्या वेळेच्या तासभर आधी जा, बोनेटवर उघडा तळहात ठेव आणि व्हिडिओ तिथूनच सुरू कर. तो गेला तेव्हा बोनेट कोमट होतं. दादाने बिचाऱ्याने अगदी निरागसपणे विचारलं, ‘‘मग गार व्हायला किती वेळ लागेल? मी थांबतो.’’ आणि खरंच थांबला. तीन तास. विकणाऱ्याने शेवटी त्याला खुर्ची आणून दिली.

दुसरी गोष्ट मला ठेच लागून कळली. इंजिनाचा आवाज फोन कॉलवर ऐकू नका. फोनला वाटतं हा गोंगाट आहे, तो इमानदारीने गाळून टाकतो आणि मागे उरतो फक्त दादाचा ‘ऐकू येतंय का?’. व्हिडिओ रेकॉर्ड करून फाइल पाठवायला सांगितली तेव्हा कुठे खरं इंजिन ऐकलं. तळावरच्या इंटरनेटवर ती फाइल उतरायला पूर्ण रात्र गेली. टप्पेटची टकटक होती, ती असूच दे. व्हॉल्व्हची फट नीट केली की जाते. मला भीती होती ती खालच्या, जाडसर ठोक्याची, जो ॲक्सिलेटर सोडताना कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधून येतो. तो नव्हता. नंतर एका मिस्तरीला पाठवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घेतलं. सहाही सिलिंडर १३० ते १४० पीएसआयच्या आत. आकडा किती यापेक्षा सहाही भावंडं सारखी आहेत हे मला महत्त्वाचं.

तिसरं काम लोहचुंबकाचं. दादाने घरातल्या फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून नेलं. मी ठिकाणं सांगितली होती: मागच्या चाकांमागचा पत्रा, दाराखालची पट्टी, समोरच्या काचेच्या चौकटीची खालची कड, आणि छताच्या कडेची पन्हळ. या गाडीच्या छताचा वरचा भाग फायबरचा आणि बाजू पत्र्याच्या, त्यामुळे पन्हळीत पाणी साचतं आणि गंज तिथून खाली उतरतो. उजव्या मागच्या कोपऱ्यावर चुंबक टपकन खाली पडलं. म्हणजे पुट्टी, तीही तळहाताएवढ्या जागेत. फोटोत तो कोपरा सगळ्यात चकचकीत दिसत होता. जाहिरातीतल्या फोटोंबद्दल यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही. पेट्रोलची टाकी या वर्षाच्या गाडीत शेजारच्या सीटखाली असते, तीही सीट काढून बघायला लावली. कोरडी होती. चॅसी नंबर उजव्या बाजूच्या पुढच्या रेलवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने घासून, फोटो काढून, कागदाशी जुळवला. भाव मी पुट्टीच्या नावावर खाली आणला.

कागदपत्रांचं थोडक्यात: मुखत्यारपत्र दादाच्या नावे केलं, पण फक्त याच गाडीपुरतं आणि चॅसी नंबर घालून. विमा ‘गाडी उभी आहे’ असं स्पष्ट सांगून काढला. एवढं पुरलं.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. आता माझा मूर्खपणा.

गाडी घेतल्या आठवड्यात मी पहिली वस्तू मागवली ती विंच. का? कारण ती फोटोत दिसते. तळावर पडल्या पडल्या गाडीचा फोटो बघत बसायचो आणि पुढच्या बंपरवर काहीतरी हवं असं वाटायचं. ज्या गाडीला थांबता येत नाही तिला ओढण्याचं यंत्र आधी! आठ हजार पौंड वजन ओढणारी ती विंच सात महिने दादाच्या जिन्याखाली खोक्यात पडून होती. वहिनीने त्यावर कुंडी ठेवली होती.

खरी गरज ब्रेकची होती. या ड्रमची गंमत ऐका: एकेका चाकात दोन-दोन व्हील सिलिंडर, म्हणजे गाडीत आठ, आणि प्रत्येक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारा तुकडा, स्वतंत्र ॲडजस्ट करायचा. आठही बरोबर लागले तर गाडी छान थांबते. एक जरी कमी-जास्त झाला तर ब्रेक मारल्यावर गाडी आपल्या मनाने लेन बदलते. टोयोटाने पुढे याच गाडीला पुढच्या चाकांत डिस्क दिल्या, आणि नंतरच्या ६० मालिकेचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) वगैरे जुन्या गाडीवर बसवण्याची वाट जुनी, मळलेली आहे. मी तीच धरली. सुटे भाग तळावर न मागवता दादाच्या पत्त्यावर मागवले. तो प्रत्येक खोकं उघडून, वस्तू वर्तमानपत्रावर मांडून, बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. एका रात्री त्याचा मेसेज: ‘‘दोन्हीला ते छोटं बोंड एकाच बाजूला आहे. असंच असतं का?’’ असं नसतं! दोन्ही कॅलिपर डावीकडचेच आले होते. ते बोंड म्हणजे हवा काढायचा निपल. तो वरच्या बाजूला राहायला हवा, खाली गेला तर सिस्टीममधली हवा जन्मात निघत नाही. ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने माझे दोन आठवडे वाचवले.

गॅरेजचा अनुभव मात्र कडू. नाव घेत नाही. कामात हात चांगला होता, वेल्डिंग स्वच्छ, हब बेअरिंग नीट बसवली. पण डिस्क बसवताना मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब लाइनमध्ये ढकलणारा भाग, जुनाच ठेवला, तोही मला न विचारता, ‘चालतोय की’ म्हणून. दादा गाडी घरी आणायला गेला आणि निम्म्या वाटेतून फोन, ‘‘अरे, करपल्याचा वास येतोय.’’ मी म्हटलं, सपाट जागी थांब, न्यूट्रलला टाक, हँडब्रेक सोड आणि ढकलून बघ. हलेना. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग. मी जनरेटरच्या शेडमध्ये कानात बोट घालून त्याला समजावत होतो की ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो. डिस्कला तोच दाब पॅड चिकटवून ठेवतो. दादा शांतपणे म्हणाला, ‘‘मला समजावू नको, काय करू ते सांग.’’ एका बाजूला लावून गार होऊ दिली, आणि टोइंगवरून परत. गॅरेजवाल्याने आधी पॅडला दोष दिला, मग दादाला. शेवटी डिस्कला जुळणारा मास्टर सिलिंडर मी स्वतः मागवला आणि दुसऱ्या मिस्तरीकडून बसवला. तेव्हापासून ब्रेक सरळ आणि खणखणीत.

बाकीच्या सुधारणा भराभर सांगतो. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक, डोळे मिटून करा. टायर ३१ इंची, उंची न वाढवता बसतात, यापेक्षा मोठ्याची हौस मी केली नाही. पॉवर स्टिअरिंगसाठी चॅसीला कापाकाप करावी लागते, ती मी समोर नसताना कोणाला करू दिली नाही. त्याऐवजी स्टिअरिंगच्या जोडणीतला मधला सेंटर आर्म नव्याने बांधला, सगळे टाय रॉड एंड, म्हणजे टोकांचे सांधे, बदलले. स्टिअरिंगमधला मोकळा प्ले जवळजवळ गेला. जागेवर वळवताना दंड अजून भरून येतात, ते येवोत. सुट्या भागांची चणचण मला वाटली होती तेवढी नाही. २०२१ साली खुद्द टोयोटाने ४० मालिकेचे काही भाग पुन्हा बनवण्याचं जाहीर केलं, आणि बाहेरचे बनवणारे तर आधीपासून आहेत.

एक गोष्ट मी दादाला बघायला सांगायची विसरलो: पुढच्या ॲक्सलचे नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीसमध्ये मिसळतं आणि काळी पातळ खीर चाकाच्या आतून गळायला लागते. मी परतलो, पहिल्या दिवशी गाडीखाली झोपलो, आणि ती खीर माझ्या कपाळावर पडली. पुढचे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. ज्यांना अशी गाडी बघायची आहे त्यांनी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचा एक फोटो मागवाच.

आणि चालवायला? ताशी ८० ला ती खूश असते. त्यापुढे गियर, वारा, टायर आणि दारं सगळे एकदम बोलायला लागतात. पेट्रोल एका लिटरला पाच-सहा किलोमीटर, उताराला सहा म्हणा. पावसात काचेखालून पाणी नेमकं उजव्या गुडघ्यावर येतं. पाटे कडक आहेत, मागच्या आडव्या बाकावर बसलेल्या भाच्यांनी दहा मिनिटांत उतरायची मागणी केली. रोजच्या ऑफिसला ही गाडी नकोच.

पण मग एका सकाळी डांबर संपलं. खाली उतरून पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी म्हणून त्यांचे हब हाताने फिरवून लॉक केले, लो रेंज (हळू पण जोरदार गियर) टाकली, पहिला गियर, आणि दोन्ही पाय उचलून घेतले. दगडगोट्यांचा चढ होता. इंजिन आयडलला, घाई नाही, तक्रार नाही, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी मान खाली घालून ती वर गेली. मी फक्त चाक धरून बसलो होतो. शेजारी दादा होता. वर पोचल्यावर त्याने सवयीने बोनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, ‘‘गरम आहे. बरोबर ना?’’

पाचपैकी गाडीला साडेचार. अर्धा गुडघ्यावरच्या पाण्याचा कापला. पहिल्या गॅरेजला एक, तोही वेल्डिंगसाठी. विंच आता बसवली आहे, अजून एकदाही लागलेली नाही. सध्या ६० मालिकेतला पाच गियरचा एच५५एफ बॉक्स शोधतो आहे. कोणाकडे असेल तर सांगा, बघायला दादा येईल.