पैलवान रोखायचा प्लॅन: ९ महिने वापरून झाला, आता खरं काय ते सांगतो

आधी कोण बोलतोय ते सांगतो. वय ३४, वजन ७७ च्या आसपास, चार वर्षं किकबॉक्सिंग, पुण्यात. गेल्या वर्षी एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती लढत) बॅचला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, सांगलीकडचा एक पोरगा समोर आला, वय २३, लहानपणापासून तालमीत वाढलेला, दोन्ही कान भज्यासारखे. तीन मिनिटांच्या राउंडमध्ये मी एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारला. एक. बाकीचा वेळ छताचे पंखे मोजले. राउंड संपल्यावर हा मलाच हात देऊन उठवतो आणि म्हणतो, "दादा, तुमचं वजन टाचंवर असतंय, म्हणून पट लगेच निघतोय." (पट काढणं म्हणजे पायात घुसून, पाय धरून पाडणं.) राग पण येईना, इतकं गोड बोलतो.

तर त्याच दिवशी ठरवलं की आता फक्त हेच शिकायचं, ग्रॅपलरला, म्हणजे पकडून खाली पाडणाऱ्याला, हरवायचं कसं. हा त्याचा रिव्ह्यू.

पहिले तीन महिने सगळे करतात तेच केलं, म्हणजे स्प्रॉल. तो पायात घुसला की आपण पाय मागे फेकायचे, कंबर त्याच्या मानेवर टाकायची. रोज शंभर स्प्रॉल, घरी बायको विचारायची की वरून खालच्यांच्या डोक्यावर का पडताय. उपयोग झाला का? झाला, पहिल्या शॉटला, म्हणजे तो पहिल्यांदा पायात घुसतो तेव्हा. पण चांगला पैलवान पहिला पट काढायला येतच नाही, तो बघायला येतो की तू काय करतोस, आणि तुझे पाय मागे गेले की उठून कंबर धरतो, ती सुटली की परत एक पाय, असं चालूच. मेराब द्वालिश्विली आणि प्योत्र यान या एमएमए फायटरांची २०२३ ची फाईट ज्यांनी बघितली त्यांना कळेल. मेराबने ४९ वेळा टेकडाऊनचा, म्हणजे खाली पाडायचा, प्रयत्न केला, लागले फक्त ११. म्हणजे यानने ३८ वेळा अडवलं, आणि तरी फाईट एकतर्फी हरला, कारण पाचही राउंड तो अडवतच बसला, मारायला वेळच नाही. मला हे कळायला तीन महिने लागले. टेकडाऊन अडवणं म्हणजे जिंकणं नाही.

मग सरांनी प्लॅन बदलला. म्हणाले, पडायचं विसर, पडणारच आहेस, उठायचं शिक. इथून पुढचे सहा महिने भिंत, आणि भिंतीला माझे पाचपैकी पाच स्टार.

भिंतीचं असं आहे की मोकळ्या मॅटवर पडलात की उठायला आधार नाही, पण केजजवळ (रिंगणाची जाळीची भिंत) पडलात तर पाठ टेकवून सरकत सरकत वर येता येतं. पाठीवर सपाट पडायचं नाही, लगेच एका कुशीवर, कोपरावर, मग हातावर यायचं. ढुंगण मागे ओढत भिंतीपर्यंत जायचं. एका बाजूचा हात त्याच्या काखेतून आत घालायचा, म्हणजे अंडरहुक, आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं खाली दाबायचं किंवा मनगट पकडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पाय कधी एकत्र ठेवायचे नाहीत. रशियाचा एमएमए फायटर खबीब नुरमागोमेदोव इथेच लोकांना संपवायचा. भिंतीला बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय स्वतःच्या पायांनी बांधायचा, एक मनगट पाठीमागून धरून ठेवायचा आणि मग मोकळ्या हाताने निवांत मारायचा. २९ फाईट, २९ विजय, आणि तो काय करणार हे सगळ्यांना आधीच माहिती होतं तरी कोणाला थांबवता आलं नाही. त्यामुळे एक पाय कायम आत दुमडलेला, दुसरा लांब. चौथ्या महिन्यापर्यंत माझा नियम एवढाच होता, खाली पडलो की तीन सेकंदांच्या आत काहीतरी हलवायचं. तो सेट झाला की मग आपण संपलो, मग फक्त घंटेची वाट.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. उठलात म्हणजे झालं असं नाही, वेगळं होताना त्याला किंमत मोजायला लावायची. कोपर, गुडघा, काहीतरी. फुकट सुटू दिलं तर तो दोन श्वास घेतो आणि परत येतो. डिसेंबर २०२५ ला यानने त्याच मेराबला हरवलं ना, ते फक्त अडवून नाही, पोटावर मारून मारून. एवढं पळणाऱ्या माणसाला पोटातच गाठायला लागतं.

किकचं काय? मला किक म्हणजे जीव की प्राण, आणि इथेच सगळ्यात जास्त मार खाल्ला. एका संध्याकाळी चार वेळा पाय पकडून खाली घेतलं त्या सांगलीच्या पोराने. मग वैतागून किकवाला लिओन एडवर्ड्स आणि कुस्तीवाला उस्मान यांची मार्च २०२३ ची लंडनची फाईट परत परत बघितली, एडवर्ड्स तर मनसोक्त किक मारतोय, मग मलाच का प्रॉब्लेम? फरक असा आहे की पैलवानाला पुढे येताना शॉट मारता येतो, मागे जाताना नाही. मी मागे सरकत किक मारत होतो, म्हणजे पायच त्याच्या हातात देत होतो. आता आधी दोन-तीन पंच, त्याला एक पाऊल मागे ढकलायचं, मग किक. मधली जागा आपण धरायची, भिंत त्याच्या पाठीला. हे बोलायला सोपं आहे, अंगात यायला मला अडीच महिने गेले. (त्या फाईटमध्ये केज पकडली म्हणून एडवर्ड्सचा एक पॉइंट गेला होता, तरी जिंकला. तुम्ही पकडू नका, सर ओरडतात.)

गुडघ्याबद्दल सगळे विचारतात. मास्विदालने पैलवान आस्क्रेनला उडी मारून गुडघ्याने ५ सेकंदात झोपवलं ते बघून येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला फ्लाइंग नी मारायची असते. आमच्याकडे एकाने मारली, पैलवानाने हवेतच झेलला आणि अलगद खाली ठेवला, खरंच अलगद. गुडघा चालतो, पण उडून नाही, तो कधी डोकं खाली घालतो ते ओळखून. माझा पैलवान वरच्या जॅबला डोकं खाली घालतो. म्हणून जॅब दाखवायचा आणि गुडघा फक्त टेकवायचा, स्पारिंगमध्ये जोरात मारायचा नाही.

गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळणं, हा मात्र फसवा माल. मान हातात येते, वाटतं झालं काम, आणि मग तो तुमच्यावर पडतो आणि तुम्ही स्वतःहून खाली गेलेले असता. तालमीतली मान आहे ती, माझ्या मांडीएवढी. नऊ महिन्यांत दोनदा लागलं, दोन्ही वेळा नवशिक्यांना. दोन स्टार, ते पण दया म्हणून.

आता माझा आवडता शोध. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, विषय संपला. त्यामुळे पैलवानाच्या हाडात बसलेलं असतं की काही झालं तरी पाठ टेकायची नाही, खाली आला की पोटावर पालथा होणार, मॅटला चिकटून बसणार. कुस्तीत हे बरोबर, एमएमएमध्ये ही सरळ पाठ दिली, मागून गळा मोकळा. सातव्या महिन्यात चुकून एकदा मी त्याचा पाय अडवून त्याला खाली घेतला, तो सवयीने पालथा झाला, आणि मी मागून गळ्यात हात घातला. टॅप, म्हणजे थोपटून हार मानली त्याने! पूर्ण जिम थांबली. तो उठून हसत म्हणाला, "वस्ताद बघत असते तर मारलं असतं मला." त्यांच्या ताकदीशी ताकद लावू नका, त्यांच्या सवयीशी खेळा. रितू फोगटसारखी कुस्तीगीर डिसेंबर २०२१ ला सिंगापूरला थायलंडच्या स्टॅम्पकडून हरली ते पण असंच, मुए थाईवाल्या (थाई किकबॉक्सिंग) मुलीने तिला आर्मबारने, म्हणजे हात कोपरात उलटा ताणून, टॅप करायला लावलं. खाली असणं म्हणजे हरणं नाही हे कुस्तीवाल्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

तोटे पण सांगतो. मान कायम आखडलेली, डावा गुडघा जिना उतरताना बोलतो, आणि हात पूर्वीसारखे चालत नाहीत कारण अर्धं डोकं कंबरेकडे असतं. आधी एका जिममध्ये होतो तिथे भिंतीला पॅडच नव्हते, हा प्लॅन तिथे करायला गेलो असतो तर डोकं फुटलं असतं, त्यामुळे फी भरायच्या आधी भिंत बघा, बाकी मशिनं नंतर. आणि समोर खरा पैलवान पाहिजे. माझ्यासारख्याच किकबॉक्सरबरोबर टेकडाऊन अडवायची प्रॅक्टिस करून वाटत होतं मी लय भारी झालोय.

सध्याची परिस्थिती अशी की गेल्या गुरुवारी पाच मिनिटांच्या राउंडमध्ये त्याने मला तीनदा खाली घेतलं, दोनदा मी उठलो, तिसऱ्यांदा घंटा झाली. नाकावर एक बरा क्रॉस (मागच्या हाताचा ठोसा) पण बसला त्याच्या. पालथं व्हायची सवय त्याने आता सोडलीय, मीच सांगितलं होतं, गाढवपणा झाला. शनिवारी परत आहे.