फुकटची तपासणी मला ८,८०० रुपयांना पडली

शिवाजी पार्कात सकाळच्या फेऱ्या चालू होत्या. कट्ट्याजवळ टेबल मांडून बसलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, बॉडी चेकअप फ्री आहे, दोनच मिनिटं." फुकट म्हटल्यावर आपले पाय थांबतातच. चपला काढून काट्यावर उभी राहिले, दोन्ही हातांत दांड्या धरल्या. चिठ्ठी आली: वजन ६६, चरबी ३८ टक्के, शरीराचं वय ६४. मी ५२ वर्षांची.

त्या ६४नं घात केला. घरी येऊन दोनदा आरशात बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या 'वेलनेस सेंटर'वर गेले. पांढऱ्या कोटातले 'सर', मागे फ्रेममधलं न्यूट्रिशनिस्टचं सर्टिफिकेट. ते दोन दिवसांच्या ट्रेनिंगचं होतं, पण बारीक अक्षर वाचतंय कोण? सकाळ-संध्याकाळ पावडरचा शेक, पोळी-भात बंद. महिन्याचे दोन डबे, ४,४०० रुपये.

आठवड्यात अडीच किलो उतरलं आणि मी हवेत. पोळी-भात तोडला की शरीर आधी साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं. त्याच्या एका ग्रॅमनं साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही निघून जातं. म्हणजे उतरलं ते बरंचसं पाणी. हे मला खूप उशिरा कळलं, होम सायन्सला असलेल्या पुतणीकडून. तोवर 'मेंबर आणा, सूट मिळवा' म्हणून मी जाऊबाईंनाही तिथे नेलं होतं.

पैशांचं एक वेळ सोडा. मला मधुमेह आहे. सर म्हणाले, "पेशींना पोषण मिळालं की साखर आपोआप खाली येते, गोळी अर्धी करा." मी केली. घरात कोणाला बोलले नाही, कारण 'हे' काय म्हणतील ते ठाऊक होतं. अडीच महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.९वरून ८.३. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघत विचारलं, "गोळी कोणी अर्धी केली?" काय सांगणार?

मग पुतणीनं डबा उलटा करून वाचायला घेतला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ते पिष्टापासून करतात, गोड फारसं लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्यानं चढवतं. पुढच्या बाजूला मात्र मोठ्या अक्षरांत 'शुगर फ्री'! खाली 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' हेही होतंच. आणि ज्या १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबरवर बोट ठेवून सरांनी "सरकारमान्य" म्हटलं होतं, तो परवान्याचा नंबर. पावडरनं आजार बरा होतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

हिशोब तर लाजिरवाणाच निघाला. २,२०० रुपयांच्या अर्धा किलोच्या डब्यात सगळं मिळून १८० ग्रॅम प्रथिनं. तेवढी पाऊण किलो शेंगदाण्यांत मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५५ ग्रॅम पुरेत. आमटी, उसळ, दही, दाण्याचं कूट यांतून त्यातलं बरंचसं मी आधीपासूनच खात होते.

आणि ते यंत्र? अंगातून बारीकसा वीजप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबी काढतं. पुतणीच्या जिममध्ये तसलंच आहे. सकाळी उपाशीपोटी एक आकडा आला, संध्याकाळी चालून आल्यावर दुसरा. 'शरीराचं वय' तर मोजलेलंच नसतं, कंपनीच्या सूत्रातून काढलेलं असतं.

आता असा कोणी भेटला तर पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही आरडी आहात का?" इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेले रजिस्टर्ड डाएटिशियन असतात, ते. परवा एकानं "तेच, तेच" म्हणत विषय बदलला.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. गोळी पुन्हा पूर्ण चालू आहे. जाऊबाईंचे ४,४०० मी माझ्या पैशांतून दिले. त्यांनी नको-नको म्हणत घेतले, पण अजून त्यांच्याकडे चहाला गेले की साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवून म्हणतात, "शुगर फ्री आहे हो."